हाडांची चोळी

त्या वर्षी युरोपातल्या राजघराण्यांनी माझ्याविरुद्ध कट केला होता, असं मी आजही म्हणते. राणीपुढे सादर व्हायचा माझा रविवार ठरला, की कुठल्या तरी देशात कुणीतरी मरायचं.

पहिल्यांदा एक जर्मन राजकन्या गेली. ती कोण, कुठली, आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण आमच्या राजाशी तिचं कुणाच्या तरी नणंदेकडून नातं निघालं आणि व्हर्सायने दुखवटा धरला. सगळा दरबार काळ्या लोकरीत शिरला आणि माझा जर्दाळू रंगाचा, रुपेरी वेलबुट्टीचा झगा पेटीत गेला. वसंतात एक इटालियन ड्यूक गेला. या वेळी माझ्या नवऱ्याच्या आत्याबाई म्हणाल्या, थांबायचं नाही, काळ्यातच जायचं. म्हणून सगळा पोशाख नव्याने काळ्या रेशमात करून घेतला. तो तयार होईतो दुखवटा मध्येच आटोपता घेतला, कारण दरबारात कुणाच्या तरी लग्नाची घाई होती. आता काळं घालून गेले असते, तर लोकांनी विचारलं असतं, तुमच्याकडे कोण गेलं? रविवार पुन्हा पुढे गेला आणि जर्दाळू झगा पुन्हा पेटीबाहेर आला.

हा पोशाख एकाच माणसाच्या हातचा असता, तरी मी गप्प बसले असते. पण अंगावरची हाडांची चोळी शिवणार पुरुष शिंपी, परकर शिवणार दुसरी बाई, आणि झालरी, जाळ्या, फुलं लावणार तिसरी. त्यांच्या धंद्याचे नियमच असे, की शिंप्याने परकराला टाका घातला तर दंड, आणि परकरवालीने चोळीला हात लावला तर भांडण. एकाने काही बदललं की दुसरी रुसायची. त्यांचे रुसवे काढता काढता माझ्या नाकी नऊ आले.

आम्ही बेरी प्रांतातले. घर जुनं, नाव त्याहून जुनं, आणि त्यापलीकडे सांगण्यासारखं फारसं नाही. माझ्या नवऱ्याला, गास्पारला, आपल्या हुकमाखाली एक पलटण हवी होती. बायको दरबारात सादर झालेली नसेल तर नवऱ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. सैनिकांचा आणि बायकोच्या झग्याच्या मागच्या शेपटाचा संबंध काय, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. मी विचारलं होतं. गास्पार म्हणाला, "ओदील, अशा गोष्टी विचारायच्या नसतात." म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं.

सादर करायला आधी सादर झालेली बाई लागते. आमच्या घराण्यात तशी एकच उरली होती, गास्पारची आत्या, मार्कीझ द सेनवाल. सत्तरी ओलांडलेली, सुकलेल्या खारकेसारखी, आणि आवाज मात्र पलटणीला पुरेल एवढा. पॅरिसच्या तिच्या घरी आम्ही सगळे मुक्कामाला होतो. रोज सकाळी दिवाणखान्यातल्या गालिच्यावर माझी शिकवणी चालायची. मस्यो पिपेले नावाचे गलेलठ्ठ नृत्यशिक्षक विजारीवरून परकर नेसून टोकाला उभे राहायचे. ते राणी. मी लांबून यायचं, वाकायचं, पुढे यायचं, पुन्हा वाकायचं, अगदी जवळ जाऊन पुन्हा वाकायचं, हातमोजा काढून त्यांच्या परकराची किनार ओठांपाशी न्यायची. इथवर मला जमायचं. मग राणीकडे तोंड ठेवून मागे जायचं, पुन्हा वाकत वाकत, आणि आपल्याच झग्याचं लांबलचक शेपूट टाचेने मागे ढकलत जायचं. पाठ फिरवायची नाही. खाली बघायचं नाही. पडायचं तर मुळीच नाही.

"टाच मार, टाच!" आत्याबाई खुर्चीतून ओरडायच्या. "घोडीसारखी लाथ काय झाडतेस? हळूच. शेपटाला कळलं पाहिजे, राणीला नाही."

"मागे न बघता मला कसं कळणार ते कुठं आहे?"

"बघायचं असतं तर देवाने पाठीला डोळे दिले असते."

"मग देवाने शेपूटही दिलं असतं, आत्याबाई."

मस्यो पिपेले राणी असल्याचं विसरून खुदकन हसले. आत्याबाईंनी त्यांनाच धारेवर धरलं. राणी हसत नाही, म्हणाल्या, राणी कंटाळलेली असते; कंटाळा शिकवा हिला.

दुसऱ्यांदा रविवार पुढे गेला त्यानंतर मला कळलं, की मला दिवस गेलेत.

याआधी दोनदा गेले होते. दोन्ही वेळा मूल हाती लागलं नाही. दुसऱ्या वेळेनंतर बेरीतल्या सुइणीने माझा हात धरून सांगितलं होतं, पुढच्या खेपेला पोट बांधू नका, बाईसाहेब, काही झालं तरी बांधू नका. मी गावी असते तर सैल झगे घालून बागेत बसून राहिले असते. पण मी पॅरिसमध्ये होते, आणि नवा रविवार ठरला होता, आणि तोवर माझा पाचवा महिना सुरू होणार होता. मला दुसरं काही नको होतं. पलटण नको, व्हर्साय नको. हे एक मूल जगावं, एवढंच.

चोळीवाले शिंपी मेत्र गोदिनो फेरफार करायला आले, तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं. त्यांनी फीत गुंडाळून खिशात घातली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी चोळीला खिडकी मागितली होती.

"बाईसाहेब, ही दरबारी चोळी. देवमाशाची हाडं बोट बोट अंतराने घातलीत. ही माणसाला आकार देते, माणसाचा आकार घेत नाही."

"मग थोडी मोठी करा."

"मोठी करता येईल. पण मागून नाड्या ओढल्या की ती तेवढीच होणार. पुढचं टोक बघा." त्यांनी चोळी मांडीवर उभी धरली. पुढची लांब चोच थेट ओटीपोटावर उतरत होती. "हे टोक आखूड केलं तर दारातच सगळ्यांना कळेल, की ही दरबारी चोळी नाही. मग लोक मला विचारतील, बाईसाहेबांना नाही."

"तुम्हाला मुलं आहेत का हो, मेत्र गोदिनो?"

"सात." ते जरा ओशाळले. "पण माझी बायको व्हर्सायला जात नाही."

तोंडाने इतकं खरं बोलून त्या माणसाने हाताने मात्र चोळी आणखी घट्ट होईल अशीच दुरुस्त केली, कारण कापड ताणून बसायला हवं. मी कपाळाला हात लावला.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी विषय काढला. मला माहीत होतं, की आजारी आणि पोटुशा बायकांना राणीकडून मऊ चोळी घालायची परवानगी मिळते, वरून खांद्यावर एक शेला घेतला की झालं. दरबारात अशा कितीतरी बायका दिसतात. तीच परवानगी मागावी, असं मी म्हणाले.

आत्याबाईंनी सुरी खाली ठेवली. "ती परवानगी सादर झालेल्या बाईला मिळते."

"मग?"

"मग काय? तू अजून सादर झालेली नाहीस. राणीच्या लेखी तू कुणी नाहीसच. जी बाई नाहीच, तिला परवानगी कोण देणार?"

"म्हणजे हाडांची चोळी न घालण्याची परवानगी मागायला आधी हाडांची चोळी घालून जायचं?"

"हं. आता समजलं तुला."

मला समजलं नव्हतं. मला ताटं फेकावीशी वाटत होती. मी गास्पारकडे वळले. "अहो, तुम्ही तरी बोला काहीतरी."

गास्पार वाईट माणूस नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं, भांडता आलं असतं. त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "एका रविवारचा प्रश्न आहे गं. अर्ध्या सकाळचा. मग गावी जाऊ, तू हवी तितकी झोप."

"आणि मागच्या दोन वेळा काय झालं ते?"

"तेव्हा कुठं चोळी होती? तेव्हा तर काहीच नव्हतं," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला खरंच वाटत होतं, की आपण मुद्द्याचं बोललो.

"पुढे ढकला मग. बाळ झाल्यावर जाऊ."

"राणीने दिलेला रविवार नाकारायचा?" आत्याबाई म्हणाल्या. "राजघराण्यात कुणी मेलं तर ढकलता येतो. तू मरशील तर ढकलता येईल. पोट हे कारण नाही. आणि बाळ होईतो मी असेन याची खात्री कोण देतंय? हा खोकला ऐकतेयस ना माझा?" आणि पुरावा म्हणून त्या खोकल्या.

मी हरले. कशी हरले ते नीट सांगता येत नाही. कुणी मला ओरडलं नाही, कोंडलं नाही. रोज कुणीतरी एक शहाणपणाचं वाक्य बोलायचं, आणि रोज मी जरा जास्त दमायचे. रविवारच्या आदल्या आठवड्यात बाळ पहिल्यांदा हललं. मी आरशासमोर गालांना लाली लावायचा सराव करत होते, गालभर लाल गोल, दरबारी पद्धतीचे, आणि आत मासोळी वळल्यासारखं काहीतरी झालं. मी तशीच, अर्धा गाल लाल आणि अर्धा पांढरा, गास्पारकडे धावत गेले. त्याने पोटावर हात ठेवला. खूप वेळ ठेवला. मला वाटलं, आता हा म्हणेल, चल, घरी जाऊ. तो म्हणाला, "बघ, किती धडधाकट आहे. याला काय होतंय?"

रविवारी पहाटेच माझ्या दासीने, पेरीनने, नाड्या ओढायला घेतल्या. ती रडत होती आणि ओढत होती. आत्याबाई बाजूला उभ्या राहून म्हणत होत्या, आणखी. चोळीच्या बाह्या खांद्यांखाली बसतात, त्यामुळे हात वर होत नाही, स्वतःचं नाकही पुसता येत नाही. श्वास गळ्यापाशी आत यायचा आणि तिथूनच परत जायचा. वरून दोन्ही बाजूंना हातभर पसरलेला परकर, त्यावर तो जर्दाळू झगा, मागे शेपूट. गाडीत मी बसू शकले नाही. व्हर्सायपर्यंतचा रस्ता गुडघ्यावर, समोरच्या बाकाला धरून केला. आत्याबाईंचाही तोच पोशाख होता, त्याही तशाच गुडघ्यावर. आम्ही दोघी समोरासमोर, चर्चमध्ये भांडण झालेल्या बायकांसारख्या.

राणीच्या दालनाबाहेरच्या खोलीत आम्हाला उभं केलं. दालनाचं दार सताड उघडं होतं. आत मेणबत्त्या, चंदेरी कापडं, आणि पुढे कुणाची तरी पाठ. आमच्या आधी दोन बायका होत्या. खोली इतकी भरलेली, की परकराला परकर घासत होते. दारासमोर भिंतीलगत घडीची स्टुलं मांडली होती, लाल गादीची, सोनेरी झालरीची. दोन रिकामी होती. कुणी त्यांच्याकडे बघतही नव्हतं. राणी दिसत असलेल्या खोलीत फक्त डचेस बसते. बाकीच्यांनी उभं राहायचं, तास असो नाही तर आयुष्य असो. त्या स्टुलासाठी लोकांनी पोरींची लग्नं मोडलीत आणि सख्ख्या भावांशी बोलणं टाकलंय.

आमच्या आधीच्या दोघी आत गेल्या, तेव्हा माझी कंबर दुखायला लागली.

मी ती कळ ओळखली. मागून सुरू होते, पट्ट्यासारखी पुढे येते. दोन्ही वेळा तशीच आली होती. मी आत्याबाईंचं मनगट धरलं.

"आत्याबाई, दुखतंय."

"सगळ्यांनाच दुखतं. हस."

"तसं नाही. पोटात. आधीसारखं. मला इथून बाहेर न्या."

त्यांनी मान न वळवता, ओठ न हलवता उत्तर दिलं. त्या दरबारात बोलायची तशीच रीत आहे. "मागे गर्दी आहे. आणि उघड्या दाराकडे पाठ करून कुणी बाहेर जात नाही. पुढचं नाव तुझं. आत जायचं, यायचं, मग गाडी. एवढं धर."

"बाळ जाईल हो माझं."

"काही जात नाही. मी पाचव्या महिन्यात याच दारातून गेले होते. याच चोळीत. तेव्हा तर हाडं आणखी जाड असायची. मला काय झालं?"

"तुम्हाला काही झालं नाही," मी म्हणाले. "मुलाचं काय झालं?"

आत्याबाईंनी नजर दारावरच ठेवली. त्यांच्या गालांवरच्या लालीखाली काही हललं का, ते मला सांगता येणार नाही. लाली फार जाड होती.

पुन्हा कळ आली. चोपदाराने यादीकडे पाहिलं आणि माझं नाव घ्यायला तोंड उघडलं. मला त्या क्षणी सगळ्यांचा इतका राग आला, गास्पारचा, शिंप्याचा, त्या मेलेल्या राजकन्येचा, मस्यो पिपेलेंच्या परकराचा, आणि सगळ्यात जास्त माझाच, की मी काय करतेय ते मला कळलं आणि तरी मी ते केलं. मी तिरकी सरकले, परकर एका बाजूने उचलला आणि त्या लाल स्टुलावर बसले.

चोळीची चोच मांडीत घुसली. पण कंबरेखाली आधार आला.

शेजारच्या स्टुलावरची डचेस दचकून माझ्याकडे बघायला लागली. मांजर बोलायला लागलं असतं तरी ती एवढी दचकली नसती. चोपदार आला. तोंड पांढरं पडलेलं.

"मादाम, उठा."

"नाही."

"मादाम, आपण डचेस नाही आहात."

"मला माहितेय. मी दमलेय. नाड्या सोडायला कुणाला तरी पाठवा, मग उठते."

"मादाम, आत राणीसाहेब आहेत!"

"असू देत. त्याही बसल्याच आहेत."

कुणीतरी पंख्याआड किंचाळलं. चोपदाराने मदतीसाठी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या माझ्या घरातल्या, माझी जबाबदारी त्यांच्यावर. "मादाम ला मार्कीझ," तो काकुळतीला आला, "आपण तरी समजवा."

आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. मी मान खाली घातली. मग त्यांच्या झग्याची सळसळ ऐकू आली. दुसरं रिकामं स्टूल माझ्या पलीकडे होतं. आत्याबाईंनी परकर तिरका केला, माझ्या खांद्यावर हात टेकला, आणि कण्हत, एकेक हाड मोडत असल्यासारख्या, त्यावर बसल्या.

"आपल्याला बसायचा हक्क नाही!" चोपदार रडायचाच बाकी होता.

"माहितेय मला. म्हणून तर जन्मभर या फरशीवर उभी होते." मग जरा सरकून बघितलं. "शी! गादी किती टणक आहे ही. यासाठी होय रे सगळं?"

आणि मला म्हणाल्या, "पाठ कर इकडे."

त्यांच्या बोटांना संधिवात होता. अंगठ्या नाड्यांत अडकत होत्या. सगळ्या दरबारासमोर, राणीच्या उघड्या दारासमोर, त्या बाईने माझी चोळी वरपासून खालपर्यंत सोडली. श्वास पोटापर्यंत गेला तेव्हा मी मोठ्याने रडले. आत्याबाई मागून पुटपुटत होत्या, "रडू नको, लाली ओघळते," पण त्यांचा स्वतःचाच आवाज धड नव्हता.

पुढचं सांगण्यात अर्थ नाही, सगळ्या पॅरिसला माहीत आहे. आम्हा दोघींना दरबार कायमचा बंद झाला. गास्पारची पलटण दुसऱ्याच कुणाला गेली. त्याने आत्याबाईंशी बोलणं टाकलं आणि माझ्याशी फक्त दार लाव, खिडकी उघड एवढंच बोलायचा. आत्याबाईंच्या मैत्रिणी यायच्या बंद झाल्या. ज्यांच्याबरोबर आयुष्यभर उभ्या राहिल्या, त्यातली एकही आली नाही. मी माफी मागायला गेले तर म्हणाल्या, "तुझी टाच शेवटपर्यंत सुधारली नाही. आत जाऊन पडलीच असतीस. हे बरं झालं."

बाळ शरद ऋतूत आलं. गावीच. मुलगी. इतकी ओरडली, की सुईणच हसायला लागली. आत्याबाई पॅरिसहून तो सगळा रस्ता करून आल्या, खोकल्यासकट. सुइणीने पोरीला रीतीप्रमाणे मानेपासून पायापर्यंत पट्ट्यांनी घट्ट आवळून ठेवलं होतं. आत्याबाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि पट्ट्या सोडायला सुरुवात केली. सुईण हां हां म्हणत धावली. गास्पार कित्येक महिन्यांनी त्यांच्याशी बोलला, "आत्या, अहो, थंडी लागेल तिला."

"लागू दे. आधी हात-पाय हलवू दे." पोरीचा एक हात सुटला आणि त्यांच्या नाकावर बसला. "असं, ऑरेली. असं. झाड लाथा."

गास्पारने माझ्याकडे बघितलं. आम्ही अजून नाव ठरवलं नव्हतं.

"कोण ऑरेली?" तो म्हणाला. "आपल्याकडे कुणीच ऑरेली नव्हती."

आत्याबाई पट्ट्या सोडत राहिल्या. मी त्याला खुणेने गप्प केलं, आणि तेच नाव ठेवलं.